आत्ता कोणी पाहत नाही

सकाळचा चहा घेत होतो तेव्हा मोबाईल वाजला. 'भिंगार : लाईट गेली. बॅटरीवर चालू.' हा निरोप बाळासाहेबाच्या घरातल्या यंत्राचा. वीज गेली, डिस्क तापली, कुठला प्रोग्रॅम बंद पडला की ते यंत्र आपणहून असे निरोप धाडायचं, आणि मला न विचारता त्यात माझाही नंबर घातलेला होता. मी वैतागून बायकोला म्हणालो, "आता त्याचा फोन येईल आणि सकाळ वाया जाईल." फोन आला, पण त्याच्या शेजाऱ्याचा. बाळासाहेब यंत्रापाशी खाली पडलेला दिसला म्हणून लोकांना वाटलं, शॉक बसला. त्यांनी धावत जाऊन आधी घराचा मेन स्विच पाडला. शॉक वगैरे काही नव्हता... हृदय थांबलं होतं. म्हणजे तो गेल्याचं मला त्याच्या यंत्रानेच पहिल्यांदा कळवलं, आणि मी कपाळाला आठ्या घालून तो निरोप पुसून टाकला होता. आता काही आठवडे होऊन गेले. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावरचा राग हळूहळू ओसरतो. माझा अजून ओसरलेला नाही.

बाळासाहेब हे त्याचं पाळण्यातलं नाव, मानाचं नव्हे. आम्ही शाळेपासूनचे मित्र, तेव्हा अरेतुरेच. मी पुढे शिक्षक झालो तसा तोही मला 'मास्तर' म्हणू लागला. त्याने भिंगारच्या बाजारात लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान टाकलं. खांद्यावर भलाथोरला कॅमेरा आणि मागे दिव्याची वायर धरणारा माणूस अशी त्याची वरात पारनेरपासून पाथर्डीपर्यंत आणि तिकडे अकोले तालुक्यातल्या डोंगरापर्यंत फिरायची. सुट्टीच्या दिवसांत मीही जायचो. कॅसेटवर नवरानवरीची नावं सुबक अक्षरांत लिहिणं हे माझं काम. पुढे ड्रोन उडवणारी, लग्नाआधीच नवरानवरीला भंडारदऱ्याला नेऊन पळायला लावणारी नवी मंडळी आली आणि त्याचं दुकान थंडावलं. पण तयार फिल्मची असो की मूळ शूटिंगची, त्याने एकही कॅसेट टाकून दिलेली नव्हती. घरातली एक अख्खी खोली पत्र्याच्या कपाटांनी भरलेली. सुनंदावहिनी म्हणायच्या, "लोकांच्या लग्नांनी माझं घर अडवलंय."

त्याचा मुलगा अक्षय बंगळूरला नोकरी करतो. त्याने एका दिवाळीला बापाला एक काळा डबा आणून दिला, आत चार डिस्का. घरच्या घरी सगळं साठवायचं आणि मोबाईलवर किंवा टीव्हीवर कुठूनही पाहायचं, अशी सोय. झालं! बाळासाहेब पुन्हा तरुण झाला. तयार फिल्मच्या, बुरशी आलेल्या कॅसेटी उघडायच्या, स्पिरिटच्या बोळ्याने टेप पुसायची, जुन्या व्हीसीआरवर चालवून कॉम्प्युटरात उतरवून घ्यायची आणि डब्यात ठेवायची. मग त्या त्या घराचा पत्ता काढून निरोप द्यायचा, की तुमचं लग्न माझ्याकडं शाबूत आहे, हे असं उघडा आणि बघा. इथवर मला त्याचं कौतुकच होतं.

बिघडलं ते पुढे. आपण जे ठेवलंय ते कोण बघतं, हे त्याला कळायला हवं होतं. त्यासाठीही एक प्रोग्रॅम असतो. त्याच डब्यात तो चालवायचा, म्हणजे पडद्यावर दिसतं, की आत्ता कोण काय पाहतंय, किती पाहिलं, कुठे सोडलं. बाळासाहेबाने तो स्वतः बसवला आणि तिथून त्याच्या जिवाची शांती गेली. पडद्यावर कायम एकच ओळ, इंग्रजीत, की आत्ता कोणी काही पाहत नाही. त्याचं म्हणणं, प्रोग्रॅम बिघडलाय. तो काढायचा, पुन्हा बसवायचा. नवी आवृत्ती घातली की जुनी सगळी नोंद साफ पुसली जायची, कारण नोंद ठेवायचं फोल्डर त्याने भलत्याच जागी दाखवलं होतं. ते सुधारलं तर फोल्डर उघडायची परवानगी नाही म्हणून लाल अक्षरं. मग मला बोलावणं. इंग्रजीत जगभरच्या लोकांनी लिहिलेले सवालजवाब मी वाचून दाखवायचे.

"मास्तर, काय म्हंतोय त्यो?"

"तो म्हणतोय, आधी माहितीपुस्तिका वाचा."

"त्याच्या आयला... ती वाचूनच इथवर आलोय न्हवं!"

अशा किती दुपारी गेल्या! बाहेर वहिनी जेवायला हाका मारतायत, ताटं वाढलेली आहेत, आणि आम्ही दोन म्हातारे त्या पडद्यापुढे लाल अक्षरं बघत बसलेलो. शेवटी एकदा मी घरी सावेडीला आलो, माझ्या मोबाईलवर त्याच्या डब्यातलं एक लग्न लावलं आणि त्याला फोन केला. "बघ, दिसतोय का मी?" तो म्हणाला, "दिसतोय. तुझं नाव आलं." "मग चालतंय की तुझं सॉफ्टवेअर!" "व्हय... चालतंय." त्या आवाजातला आनंद मी शोधत होतो, सापडला नाही. प्रोग्रॅम पहिल्यापासून ठीक होता. खरंच कोणी पाहत नव्हतं.

मला वाटलं, आता तरी थांबेल. तो थांबला नाही, उलट लोकांना फोन करू लागला. "बघितलं का लग्न?" समोरचा म्हणे, हो हो, छान आहे, सगळ्यांनी बसून पाहिलं. आणि याच्यापुढच्या पडद्यावर तर दिसतंय, की त्या माणसाने एकदाही उघडलेलं नाही. आपण सगळेच असं गोड बोलतो, त्याशिवाय संसार चालत नाही. पण खोटं पकडायचं यंत्र घरात आणून ठेवल्यावर माणसाने काय करावं? पारनेरच्या एका लग्नात पंगत बसलेली असताना त्याने एका जुन्या गिऱ्हाइकाला सगळ्यांदेखत सुनावलं, "कशाला खोटं बोलता? तुमी उघडलंसुदिक न्हाई!" तो माणूस ताटावरून उठला. परतताना गाडीत मी बाळासाहेबावर तोंड सोडलं. म्हणालो, "टॉकीजचा मालक काय प्रेक्षकाच्या मांडीवर बसतो का? काढून टाक तो प्रोग्रॅम. दाखवायचं तर दाखव, नाहीतर सोड." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुला न्हाई कळायचं. इतकी वर्सं खांद्यावर वाह्यलंय मी हे." त्यानंतर आम्ही बरेच दिवस बोललो नाही.

अबोला त्यानेच मोडला. फोन करून म्हणाला, "एक बाई बघतीय. रोज." आवाजात इतकी घाई, की मला हसू आलं. पाथर्डीकडच्या एका गावातलं हे लग्न. नवरीची धाकटी बहीण कविता, आता स्वतः संसाराची झालेली, हंगामात नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. ती मोबाईलवर पाहायची. पण थोडं पाहून एका ठरावीक जागी सोडायची, हळदीनंतर. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच बंद. झालं, बाळासाहेबाच्या डोक्याला नवा भुंगा. म्हणाला, तिथं फाईल खराब आहे. पुन्हा कॅसेट उतरवून घेतली. मग म्हणाला, फडावर रेंज नसेल, म्हणून तिच्यासाठी लहान आकाराची प्रत केली. बाई तिथेच थांबते! मी म्हणालो, "अरे, तिला कंटाळा येत असेल." "कंटाळा आला आस्ता तर रोज बघितलं आस्तं का?" हे मात्र खरं होतं.

शेवटी त्याने तिला फोन लावला. मी शेजारीच होतो, फोन मोठ्या आवाजावर होता. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. बाळासाहेब आपलं रेंज, फाईल, डाऊनलोड असं काय काय बोलत राहिला. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "न्हाई ओ काका. तुमच्या पिच्चरात काय बी बिघाड न्हाई. तिथवरच आई हाय माजी."

तीच पुढे म्हणाली, "हळद लावताना दिसती. फुडं न्हाई कुटं. आमच्याकडं तिचा दुसरा फोटू बी न्हाई."

फोन ठेवल्यावर तो कितीतरी वेळ त्या पडद्याकडे बघत बसला. मला वाटलं, आता हा निवांत होईल, एक तरी मनापासून पाहणारं माणूस मिळालं. पण बाळासाहेब तसा निवांत होणारा नव्हताच. तो स्वतःवरच चिडला. "नवरीची आई हाय आन् फुडं कुटंच न्हाई? मीच कापली आसंल तिला. पुढाऱ्यांचे सत्कार ठिवले आन् आई कापली!" लग्नाची फिल्म तयार करताना तो निम्मंअधिक शूटिंग गाळायचा. मूळ कॅसेटींत मात्र सगळं असायचं. त्या लग्नाची उरलेली मूळ कॅसेट शोधायला त्याने कपाटं उपसली. सापडली ती बुरशीने पांढरी झालेली. छातीत जळजळतं म्हणायचा. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायचा, "हे एवढं हुंदे." वहिनींनी सांगून पाहिलं, अक्षयने फोनवर सांगून पाहिलं, मी तर ओरडलोच. डब्यातली डिस्क जरा तापली तर या माणसाला दरदरून घाम फुटायचा आणि स्वतःला खरोखरच घाम फुटत होता तर पंख्याखाली बसून टेप पुसत होता! याचा राग मी कुणावर काढू?

तो गेल्यावर अक्षय आला. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले आणि मग त्याने डबा सुरू केला. डबा कसाबसा उघडला, पण पाहणाऱ्यांची नोंद ठेवणारा तो प्रोग्रॅम पासवर्ड मागत होता आणि तो बाळासाहेबाच्या डोक्यात होता. आम्ही सगळ्यांचे वाढदिवस, गावांची नावं, गाडीचा नंबर, सगळं घालून पाहिलं. शेवटी प्रोग्रॅमने आम्हालाच दाराबाहेर ठेवलं. अक्षय म्हणाला, "काका, बंदच करू या ना हे. आईला याचा काय उपयोग?" वहिनी आतून म्हणाल्या, "राहू दे." एवढंच. अक्षय परत गेला. तेव्हापासून डबा चालू आहे, आत नोंदही होत असणार, पण ती आता कुणालाच दिसत नाही.

व्हीसीआरमध्ये ती कॅसेट तशीच अडकलेली होती. मागच्या आठवड्यात मी जाऊन बसलो. मला त्यातलं फारसं येत नाही. दोनदा टेप अडकली, एकदा तुटली, चिकटपट्टी लावून जोडली. चष्मा घसरतो... मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो, की स्वतःची कामं अशी माझ्या गळ्यात टाकून गेलास. बराच वेळ नुसत्या रेघा. मग मांडव दिसला, खुर्च्यांवर फेटे बांधलेले पाहुणे, आणि त्यांच्यापुढून पाण्याची कळशी घेऊन जाणारी एक बारीक अंगाची बाई. कॅमेरा हलला आणि मागून आवाज आला.

"ओ मावशी, हला की बाजूला! मधी येताय सारख्या!"

बाळासाहेबाचा आवाज. तरुण, खणखणीत, चिडलेला. तयार फिल्मवर सनई आणि गाणी घातलेली असतात, त्यामुळे इतक्या वर्षांत त्याच्या कामात त्याचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. ती बाई थांबली, पदर सावरत कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली, "आमाला बी घ्या की एकदा. नवरीची आईच हाय मी."

त्यावर तोच आवाज, अजून घुश्शातलाच, "मग आदी सांगायचं न्हाई का! ठिवा ती कळशी खाली. उन्हाकडं तोंड करा... आसं. हासा जरा." आणि कॅमेरा पाहुण्यांना सोडून तिच्यावर थांबला, चांगला निवांत थांबला.

वहिनी पिठाच्या हातांनी दारात उभ्या होत्या, कधी आल्या कळलं नाही. म्हणाल्या, "बघा. लोकांवर असेच खेकसायचे." मी विचारलं, कविताला पाठवताना हा आवाज काढून टाकू का, तिच्या आईवर ओरडलाय तो. त्यांनी मान हलवली. "काढू नका. तिची आई बोलतीय त्यात." मग कपाटाला टेकून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मागं घ्या भावजी. पहिल्यापासून लावा."