भुरीच्या तोंडातला दोरा

गोजरबाईच्या संसाराचं खरं दुखणं म्हणजे नवऱ्याचे हात. उकंडराव माणूस देवगुणी. दारू नाही, पत्ते नाहीत, पण हातांना दम नाही. चालता पंखा खोलून बंद पाडावा, नीट बसलेला नळ पिळून गळता करावा, आणि वाकळीतून दोरा डोकावला की तो ओढावाच. लोणारजवळच्या त्या खेड्यात गोजरबाईच्या वाकळी लोक घरी येऊन मागून नेत, टाका असा की बोट फिरवलं तरी लागू नये. आणि घरातच हा गडी, तो टाका उसवायला टपलेला. देवानं याहीले एकच हात देला अस्ता तं मले दोन घास सुखाचे भेटले अस्ते, असं ती आल्यागेल्याला सांगे.

त्या सकाळी सुई-दोरा वाकळीवरच ठेवून ती दूध उतरवायला उठली. परत येऊन पाहते तर सुई नाही. भुरी मांजर ओसरीच्या कोपऱ्यात मान वाकडी करून बसलेली. लाळ गळतेय, पंजानं गाल खरवडतेय, आणि ओठाच्या कडेला लाल दोऱ्याचं टोक लोंबतंय.

गोजरबाई धावत तिच्याजवळ गेली. भुरीमुळं चिंध्यांच्या गाठोड्यात उंदीर शिरत नाहीत, हे झालं तिला पाळण्याचं लोकांना सांगायचं कारण. दिवसभर मांडीला लागून बसणारं आणि काहीही न उसवणारं त्या घरात तेवढं एकच होतं.

उकंडराव तोवर उकिडवा बसलाही होता.

"हात नोका लावू."

"अवं, टोक तं दिसून राह्यलं. एक झटका देतो."

"दुसऱ्या टोकाले सुई हाय. कुठलोक फाडत येईन ते?"

तिनं गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी बजावलं की दोरा ओढू नका, कापू नका, खायला काही घालू नका. टॉवेलात गुंडाळून बुलढाण्याला न्या, तिथं भूल देऊन काढतील. उकंडरावनं सगळं ऐकून विचारलं, हळू ओढला तर चालतो का. गोजरबाईनं कपाळाला हात लावला.

बसमध्ये सल्ल्यांना तोटा नव्हता. एकानं केळं चारायला सांगितलं, एकीनं तूप, मागच्या बाकावरून कुणी म्हणालं, ओढून मोकळे व्हा. सगळ्यांना तेच तेच सांगून गोजरबाईचं तोंड दुखलं. पण लोकांचे सल्ले तोंडातच राहत होते, नवऱ्याचा बोटांत उतरत होता. मेहकर येईतो ते बोट टॉवेलाच्या कडेला पुन्हा पुन्हा आलं. ती झटके, ते परत येई. शेवटी वैतागून तिनं भुरीच त्याच्या मांडीवर आदळली.

"दोन्ही हातानं पाय धरा इचे. बुलढान्यालोक सोडले तं याच बसनं वापस धाडीन तुमाले."

चिखलीच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली. टॉवेल सुटला आणि भुरीची नखं उकंडरावच्या मनगटात रुतली. तो कळवळला, पण हात सोडले नाहीत. दोरा ऐन नाकासमोर लोंबत होता. गोजरबाईचं लक्ष मांजरावर कमी, त्या बोटांवर जास्त. त्याच्या नाकाला खाज सुटली तेव्हा त्यानं भर बसमध्ये नाक तिच्या खांद्यावर घासलं. ती शरमेनं खिडकीबाहेर पाहत राहिली.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी भुरीला भूल देऊन तोंड उघडलं. सुई जिभेखाली आडवी रुतलेली आणि दोऱ्याचा वेढा जिभेच्या मुळाला. ओढला असता तर जीभच कापली असती, म्हणाले. उकंडरावनं शहाण्यासारखी मान डोलावली.

"म्या तेच म्हनत होतो इले."

गोजरबाईनं भुरीला टॉवेलात गुंडाळलं. बाहेर पडल्यावर त्याला माणसांच्या दवाखान्यात नेऊन ओरखडे धुऊन घेतले, इंजेक्शन टोचवलं, आणि वाटभर जे बोलायचं ते बोलून घेतलं.

पुढं भुरीला मऊ कुस्करलेलं अंडं, अन् तेही गार करून. आधी ती नुसती हुंगायची. मग एका दुपारी बशी चाटूनपुसून साफ केली आणि येऊन मांडीला टेकली. सुई आता झाकणाच्या डबीत असते. मलम घेऊन ती नवऱ्याकडे वळली, तर उकंडरावच्या नखानं मनगटावरची एक खपली कडेनं उचललेली.

गोजरबाईनं वाकळ पुढं ओढली, हातानं घातलेला एक टाका मुद्दाम सैल केला आणि टोक त्याच्या बोटांत दिलं.

"घ्या. हे वढा."