तिसरा पुकारा

पुकारेमामा कुणालाही एकदा हाक मारून थांबत नसत. चहावाला असो, स्वतःची बायको असो, स्टँडवरून निघालेली एसटी असो, हाक तीनदा. पहिली अशी की समोरच्या कडुनिंबावरचे कावळे उडावेत. दुसरी तितकीच मोठी, पण कोरडी. आणि तिसरी एकदम हळू, शेजारी उभ्या माणसाशी बोलल्यासारखी. मेहकरच्या कोर्टात त्यांनी एकतीस वर्षं शिपायाची नोकरी केली, आणि त्यातली बहुतेक वर्षं दारात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करण्यात गेली. 'पुकारे' हे त्यांचं आडनाव नव्हतंच. पण नवे वकील लग्नपत्रिकेवर खुशाल 'श्री. पुकारे आणि परिवार' असं लिहीत, आणि मामा त्या लग्नांना जाऊन पोटभर जेवून येत.

तिसरी हाक हळू का, असं मी त्यांना एकदा विचारलं. म्हणाले, "पयला पुकारा सायबासाठी. दुसरा कागदासाठी, पुकारा केला म्हनून लिहा लागते ना. अन् तिसरा त्या मानसासाठी. तो तिथंच असते पोरी, भिताडाले टेकून. जोरानं बलावलं तं अजून भेते." हे सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली आला होता.

कोर्टासमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. त्याआधी चार वर्षं मी पुण्यात होते, पुस्तकं वाचून त्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या एका ठिकाणी. लोकांचे आवाज कापायचे, जोडायचे, खाकरणं काढून टाकायचं, हे माझं काम. माझा आवाज मात्र कुणी मागितला नाही. "आवाज छान आहे गं तुझा, पण त्यात जरा गाव येतं," असं एकीनं प्रेमानं सांगितलं. मग मी ते गाव घासून घासून काढलं. आता हे लिहितेय तेही बघा ना, किती साफसूफ आहे! मामा माझ्या या मराठीला कोर्टाच्या कागदाची मराठी म्हणायचे.

परत आले ती एक वेड डोक्यात घेऊन. कधीकाळी रेडिओवर रहस्यनाटिका लागायच्या, तशा आता लोक मोबाईलवर ऐकायला लागलेत. कानात वायरी घालून भाकरी थापता थापता खुनी शोधतात. मग तशी एक मालिका आपल्याकडची का नको? मामांना विचारलं तर ते जणू वाटच बघत होते. तरुणपणी त्यांनी एकही रहस्यनाटिका चुकवली नव्हती, पण एक राग मनात धरून ठेवला होता. "रेडिओतला आपला मानूस यक तं चाय आनते, नाईतं चोरी करते. त्याच्यावर शक घेनारा दुसराच कोनी असते." म्हणून आमच्या मालिकेत तपास करणारा माणूस ठरला कोर्टातला निवृत्त शिपाई, बोलणार वऱ्हाडी, आणि मालिकेचं नाव 'तिसरा पुकारा'. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मामा बेपत्ता किंवा मेलेल्या माणसाचं नाव तीनदा पुकारणार.

स्टुडिओ कुठून आणायचा? कोर्टाच्याच गल्लीत गादीवाल्या चाचांचं दुकान आहे. पिंजलेल्या कापसाच्या ढिगात आवाज घुमत नाही, हे पुण्याच्या शिक्षणापेक्षा मला तिथं जास्त चांगलं कळलं. पण पहिल्याच दिवशी घोळ झाला. माईकसमोर उभं केलं की मामांचा आवाज निघेना. एकतीस वर्षं दाराबाहेर तोंड करून पुकारा केलेला माणूस, भिंतीकडे बघून कसा करणार? शेवटी त्यांना दुकानाच्या दारात उभं केलं, माईककडे पाठ, तोंड रस्त्याकडे. मामांनी दम भरून मालिकेतल्या मयताचं नाव पुकारलं. तिसऱ्या पुकाऱ्याला टपरीवरून एक म्हातारे गृहस्थ बगलेत फाईल धरून धावत आले आणि हात जोडून म्हणाले, "हजर हाय, सायेब! चाय पेत होतो." त्यांचं नाव खरंच तेच होतं. मयत हजर झाल्यावर चाचा हसून हसून कापसात लोळले. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी म्हाताऱ्याला हाताला धरून कोर्टाच्या खऱ्या दारापर्यंत पोचवलं, तारीख विचारून घेतली आणि मग परत आले.

आवाजांच्या बाबतीत माझ्यापेक्षा तेच कडक. मी इंटरनेटवरून दाराचं करकरणं उतरवून घेतलं होतं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "हे दार आपल्याकडचं नोहे. हे पैसेवाल्याचं दार हाय, लय आरामात वाजते." मग आम्ही त्यांच्या घरचं दार वाजवलं, मामी आतून ओरडल्या, "कोन हाय बे तिकडं?" आणि तो ओरडाही आम्ही भागात ठेवला. गुन्हेगारानं शेवटी सगळं भडाभडा कबूल करायचं, हे तर मामांना बिलकुल खपत नसे. "एकतीस वर्सात सोताहून कबूल झालेला मानूस म्या दोनदा पाह्यला," ते म्हणत, "अन् दोन्ही बार तो खोटं बोलून राह्यला होता." त्यामुळे मला प्रत्येक भागात पुरावा शोधत बसावं लागे.

तीन भाग तयार झाले आणि पुण्याच्या एका कंपनीनं ते ऐकले. मॅडमचा फोन आला तेव्हा मी तो मामांनाही ऐकू जाईल असा ठेवला. मॅडम मनापासून खूश होत्या. म्हणाल्या, "काकांचा आवाज अप्रतिम आहे. फक्त तपास करणारा प्रमाण मराठीत बोलू दे, म्हणजे सगळ्या महाराष्ट्राला आपला वाटेल. काकांना आपण चौकीदाराची भूमिका देऊ. तिथे ती बोली फार गोड वाटेल."

मामांनी विचारलं, "म्याडम, खुनी कोनत्या भाषेत बोलते?"

"तो गावातलाच आहे ना, मग वऱ्हाडीच."

"मंग त्याले पकडनाराबी गावातलाच राहीन. खून आमी करावा अन् तपास तुमी, हे काई जमत नाई."

मला मामांचा भयंकर राग आला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते दार उघडलं होतं, आणि हा म्हातारा उंबऱ्यावर आडवा झाला होता. पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. एवढंच नाही, कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना गाठून मी तपासनिसाचे सगळे संवाद त्यांच्या आवाजात, शुद्ध मराठीत रेकॉर्ड करून घेतले. हे मी आज कबूल करते, आणि खोटं बोलत नाहीये. रेकॉर्डिंग मामांना ऐकवलं. चिडतील म्हणून मी भांडणाच्या तयारीत बसले होते. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं, आणि शांतपणे म्हणाले, "लय साफ बोलते गडी. पन ह्याले कोनी खरं सांगनार नाई, पोरी."

मी ते सगळं पुसून टाकलं. कारण ते खरं होतं. साक्षीदार त्या आवाजाला 'हो सर, नाही सर' म्हणाला असता आणि घरी निघून गेला असता. पुण्यात मीसुद्धा चार वर्षं तेच केलं होतं.

मग आम्ही मालिका आमची आम्हीच मोबाईलवर सोडली. कुणी विचारणार नाही असं वाटलं होतं, पण एसटीचे ड्रायव्हर ऐकायला लागले, कापूस वेचणाऱ्या बाया ऐकायला लागल्या. वरवट बकालच्या एका बाईचा निरोप यायचाच, स्वतःच्या आवाजात, दर भागाला: "चोर तं म्या कवाच ओयखला होता, तुमीच टाइम लावून राह्यले." मामा तो निरोप तीन-तीनदा वाजवायला लावत. शेगावच्या लॉजमधून गायब झालेल्या यात्रेकरूचं प्रकरण आम्ही सगळ्यात जास्त रंगवलं. चौदाव्या भागात मामा लॉजच्या बंद खोलीसमोर उभे राहतात आणि म्हणतात, "चावी कोनापाशी हाय ते मले समजलं." भाग तिथं संपतो.

पंधरावा भाग झाला नाही. यंदाच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, कोर्टासमोरच्या कडुनिंबाखाली चहा घेताना मामा बसल्या जागी गेले. कप फुटलासुद्धा नाही. त्या दिवशी कोर्टात त्यांच्या जागी आलेल्या शिपायानं एकेक नाव एकदाच पुकारलं. दुसऱ्यांदा पुकारणं जमलंच नाही, असं त्यानं नंतर सांगितलं. मला किती वाईट वाटलं ते मी इथं सजवून सांगणार नाही. मी दुकान आठ दिवस उघडलं नाही.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी त्याच मॅडमचा फोन आला. मी चाचांच्या दुकानात होते. त्यांनी दुःख व्यक्त केलं, आणि ते खरं असणार. मग म्हणाल्या, आता एक सोय झाली आहे. आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्राला चौदा भागांचा आवाज पुरेसा आहे. राहिलेला भाग यंत्र मामांच्याच आवाजात बोलेल, आधीचेही सुधारून घेता येतील, सगळे प्रमाण मराठीत. "बघा ना, काकांना बदलायची गरजच नाही. आवाज त्यांचाच राहील." घरच्यांचा होकार मिळवून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मामींनी तर मला आधीच सांगून ठेवलं होतं, "तुले वाटते ते कर बाई, पन त्यायले इचारून कर." त्यायले म्हणजे मामांनाच, गेल्यावरही.

मामांचा आवाज पुन्हा ऐकायला मिळणार होता. चावी कुणाकडे आहे ते ते स्वतः सांगणार होते. नाही म्हणवत नव्हतं, हे लपवत नाही. पण ज्या माणसानं जिवंतपणी तोंडावर नकार दिला, त्याच्या तोंडात मेल्यावर दुसऱ्याची बोली घालायची आणि वर तो त्याचाच आवाज म्हणायचा? मी दुकानाच्या दारात गेले, मामा उभे राहायचे तशी, तोंड रस्त्याकडे.

"नाई," मी म्हटलं. इतक्या जोरात की टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

मॅडम म्हणाल्या, "घाई नको, विचार करून मेलवर कळवा."

"नाई. हेच लिहून घ्या."

"मग शेवटचा भाग कोण बोलणार? तुमच्याकडे आवाजच नाहीये आता."

"म्या बोलीन," मी म्हटलं. घासायला वेळच मिळाला नाही, जसं होतं तसं बाहेर पडलं.

फोन बंद झाला. चाचा हातातली सुई थांबवून माझ्याकडे बघत होते. मामा पाणी प्यायला जिथं भिंतीला टेकून बसत, तिथं कापसाचा नवा ढीग पडला होता. तिकडं वळून मी तिसऱ्यांदा 'नाई' म्हटलं, अगदी हळू. ते मॅडमसाठी नव्हतं.