परातीखालची नोट

अजिनाथ चोर नाही. हे मी कुणालाही सांगेन. कामगार न्यायालयात माझ्या सांगण्याला किंमत नव्हती.

तो अक्कलकोट तालुक्यातल्या, कर्नाटकाला लागून असलेल्या दुधनीचा. घरी कन्नड, बाहेर मराठी. सोलापुरात आम्ही एकाच खोलीत राहायचो. तो स्टँडजवळच्या हॉटेलात वेटर होता. अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक हमखास त्याच्याच टेबलावर बसायचं.

हॉटेलचा नियम होता. टिप मिळाली की काउंटरवरच्या डब्यात टाकायची. मालक ती नंतर वेटरांना वाटून देत. आत चुलीपुढं बसणाऱ्या गोजाबाईला त्यातलं काही मिळत नसे. लोक मात्र तिच्या कडक भाकरीसाठीच यायचे. जेवून झालं की कुणीतरी कन्नडमध्ये विचारायचं, "रोट्टी यार माडिद्रु?" भाकरी कुणी केली? अजिनाथ आत बोट दाखवायचा. मग गिऱ्हाईक वेगळी नोट पुढं करायचं. हे तिला दे.

ती नोट अजिनाथ खिशात ठेवायचा. भाकऱ्या न्यायला आत गेला की गोजाबाईच्या परातीखाली सरकवायचा. हातात देत नसे. भांडी घासणाऱ्या बायका बघतील, मावशीला अवघडेल, म्हणून; तिला तो मावशी म्हणायचा. तीही वर बघत नसे. पीठ मळता मळता म्हणायची, "खाल्लंस का रं?" आणि एक चांगली भाकरी त्याच्यासाठी बाजूला काढायची.

मालकांनी कॅमेरे बसवले. टेबलांवर रोखलेले, चुलीकडं नाही. अजिनाथ नोट खिशात घालतो, एवढंच दिसलं. चौकशी मालकांच्या भाच्याने केली. तिथं अजिनाथने मावशीचं नाव घेतलं नाही. तिचीही चूल सुटेल, मला म्हणाला. टिप लपवली म्हणून त्याला काढून टाकलं.

तो कोर्टात गेला. त्याचे वकील म्हणाले, आता त्या बाईंना साक्षीला बोलवावंच लागेल.

"तिला विचारलंस का?" मी म्हणालो.

"मावशीला काय इचारायचं? जे हाय ते सांगंल की. तू लई पुस्तकं वाचतोस बग."

तारखेला गोजाबाई मालकांच्या गाडीतून उतरली. अजिनाथ पुढं गेला.

"जेवलीस का गं मावशी?"

ती पदर सावरत आत गेली.

वकिलांनी विचारलं, "अजिनाथ तुम्हाला गिऱ्हाइकांच्या नोटा आणून द्यायचा?"

"न्हाय."

"परातीखाली ठेवायचा?"

"परातीखाली पीठ सांडतंय सायेब. नोटा कुटल्या?"

मालकांचा भाचा हसला. अजिनाथही हसला. मावशी थट्टा करतेय, आता खरं सांगेल, असं त्याला वाटत होतं. तिने जबानीखाली अंगठा उमटवला. ती निघून गेली तरी तो दाराकडे बघत होता.

निकाल लागला. नोटा घेतल्याचं कामगार स्वतःच मान्य करतो. त्या पोचवल्याचं शाबीत झालेलं नाही. चौकशीत त्याने हे सांगितलंही नव्हतं. बडतर्फी कायम.

"चोर लिवलंय का?" त्याने विचारलं.

"नाही. अप्रामाणिक वर्तन."

"म्हंजे तेच की."

भ्याली असेल ती, असं काहीतरी मी बोललो.

"भ्याली तर भ्याली. पर वर तरी बगायचं व्हतं."

आता तो मोडनिंबच्या एका ढाब्यावर आहे. परवा मी तिथं जेवायला गेलो. शेजारच्या टेबलावरचा माणूस भाकरीवर खूश होता. त्याने कुणी केली ते विचारलं आणि अजिनाथपुढं नोट धरली.

अजिनाथने दोन्ही हात मागं घेतले.

"चूल आत हाय, मालक. जाऊन तुमीच द्या."

"अरे, घे की! खातोय काय मी तुला?"

अजिनाथ ताटं उचलायला लागला. त्या माणसाने नोट पुन्हा खिशात घातली आणि हात धुवायला गेला. आत कुणीतरी भाकरी थापत होतं.