ताक विचारणारा औषधवाला

सौंसरच्या बसस्टँडजवळच्या औषधाच्या दुकानात आतड्यांसाठी चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूल मागितल्या, की दुकानदार आधी हसत विचारतो, "भाऊ, ताक पिऊन राहिले का?" नाही म्हटलं, की तो डबा परत फळीवर ठेवतो. "पंधरा दिवस ज्वारीची आंबील खा, मंग या." मला त्याने असं दोनदा परत पाठवलं.

परवा तिसऱ्यांदा गेलो. आंबील रोज खातो, पण शौचातून तीन वेळा रक्त गेलं, असं सांगितलं. त्याचं हसू गेलं.

"आता ताकही नाही न् कॅप्सूलही नाही. आजच नागपूरले डॉक्टरले दाखवा."

"उद्या जातो," मी म्हणालो.

त्याने शटर ओढलं, मला बसमध्ये बसवलं आणि मी उतरू नये म्हणून बस हलेपर्यंत दाराशी उभा राहिला.