नाकाखालचा आरसा

त्यांनी माझ्या नाकाखाली आरसा धरला आणि माईकवर मला ‘पापड’ म्हणायला सांगितलं.

मी नऊ वर्षांची होते. नगरमधला मोठा हॉल. स्टेजवर मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर माझाच फोटो. ऑपरेशनच्या आधीचा. ओठ दुभंगलेला, तोंड उघडं. समोर खुर्च्यांवर देणगीदार आणि त्यांची घरची माणसं. माझी टाळू शिवली होती, पण बोलताना ती अजून नीट वर उचलली जायची नाही. मी ‘पापड’ म्हटलं. हवा नाकात गेली. आरशावर वाफ धरली. ऑपरेशन करून देणाऱ्या संस्थेच्या साहेबांनी तो आरसा पाहुण्यांना फिरवून दाखवला.

मग आईला वर बोलावलं. आमचं गाव पाथर्डीच्या पलीकडं. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. गरोदर बाईनं ग्रहणात काही कापलं की पोराचा ओठ फाटतो, असं आमच्याकडं म्हणतात. साहेबांना ते ठाऊक होतं. त्यांनी माईक आईच्या तोंडाशी धरला.

“ग्रहणात काय कापलं होतं, बाई?”

“ऊस कापला, सायेब. मुकादम म्हनला, गाडी भरायचीय.”

हॉल हसला. आईही हसली, तोंडावर पदर धरून. तिच्या तोंडाला काहीच झालेलं नव्हतं. तरी तिनं ते झाकलं. मला मात्र झाकायची परवानगी नव्हती.

संस्थेच्या केंद्रातल्या स्पीच थेरपीच्या ताईंनी मला बोलायला शिकवलं. चार वर्षं. जीभ कुठं लावायची, ओठ कसे मिटायचे, हवा तोंडातून कशी सोडायची. शाळेत ‘गेंगाणी’ म्हणणारी पोरं हळूहळू गप्प झाली. पुढं संस्थेनंच मला शिकवलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. शिकून त्याच केंद्रात थेरपिस्ट म्हणून लागले. हे सगळं खरं आहे आणि ते मी नाकारत नाही.

पण दरवर्षी कार्यक्रम असायचा. दरवर्षी मी त्या फ्लेक्सपुढं उभी राहायची. “मी आधी अशी होते. आता अशी आहे. सर्वांचे आभार.” नवव्या वर्षी पाठ केलेली वाक्यं सव्विसाव्या वर्षीही तीच. एरवी तो फ्लेक्स केंद्राच्या दारातच लावलेला. येणारी माणसं आधी फोटो बघत, मग माझा ओठ. “तुमीच व्हय त्या?” मी हो म्हणायची. नको म्हणावं असं वाटायचं, आणि वाटल्याचीच लाज वाटायची. ज्यांनी बोलतं केलं त्यांच्याविरुद्ध त्याच तोंडानं कसं बोलायचं? या प्रश्नात मी सतरा वर्षं अडकून होते.

आता जे लिहिते आहे ते लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. साहेबांचं नाव लिहीत नाही. तेवढं पाळते.

एका सकाळी साहेब केंद्राच्या मागच्या दारानं आले. तोंडावर रुमाल. चेहऱ्याची नस दुखावून डावी बाजू लुळी पडली होती. डोळा मिटत नव्हता. समोर ठेवलेला चहा त्यांनी घेतला आणि तो ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळला.

यावरचा व्यायाम आरशासमोर बसून करायचा असतो. स्वतःचा गाल हलताना दिसावा लागतो. मी टेबलावर आरसा ठेवला. त्यांनी तो पालथा केला.

“आरसा नको. तू बघून सांग. आणि दार लाव. कुणाला कळता कामा नये.”

मी दार लावलं. तीन महिने लावत राहिले. ओठ मिटा. गाल फुगवा. शीळ घाला. शीळ येत नव्हती, नुसती हवा यायची. मी हसले नाही. त्या तीन महिन्यांत त्यांचा एकही फोटो कुठं आला नाही.

त्याच सुमारास कोमल यायला लागली. सहा वर्षांची, आमच्याच भागातली, ऊसतोडीच्या घरातली. ओठ, टाळू, माझ्यासारखंच. दिवाळीनंतर घरचे तोडीला जाणार, पण तिच्या आईनं ठरवलं होतं, “औंदा हिला आजीपाशी ठिवते. बोलाय लागली पायजे.” कोमल बाहेर एक अक्षर बोलत नव्हती. खोलीचं दार लागलं की मगच तोंड उघडायची. पाचव्या आठवड्यात ती ‘पाणी’ म्हणाली आणि तिच्या नाकाखालचा आरसा स्वच्छ राहिला. मी तो तिला दाखवला. फक्त तिला.

पुढच्याच आठवड्यात साहेब खोलीत आले. चेहरा जवळजवळ बरा झाला होता.

“यंदा कार्यक्रमात कोमलला घेऊ. आधी ती बोलेल, मग तू. आणि फुगा फुगवायला लाव. लोकांना फुगा आवडतो.”

फुगा फुगवून टाळू बोलायला शिकत नाही. मी हे शिकलेय. पण स्टेजवर शिकणं दिसत नाही, फुगा दिसतो.

“तिच्या आईलाही आण,” ते म्हणाले. “ग्रहणाचं विचारू. गंमत येते.”

कोमलची आई कोपऱ्यात बसली होती. “बोलंल ती, सायेब. तुमी म्हनाल तसं.” असं म्हणून तिनं पदर तोंडावर ओढला.

तो पदर मी आधी पाहिला होता.

कोमल माझ्या खुर्चीमागं गेली. तिचा हात तोंडावर होता. सहा आठवड्यांचं काम त्या हाताखाली बंद झालेलं मला दिसलं.

“हिला स्टेजवर नेणार नाही, साहेब. मीही येणार नाही.”

घाबरले की माझी हवा आजही नाकात जाते. तेव्हाही गेली. तसंच, गेंगाण्या आवाजात, मी पुढं बोलले.

“तुमच्या वेळी मी दार लावलं होतं. हिच्या वेळीही लावणार.”

त्यांनी विचारलं, “कुणामुळं बोलतेस तू, विसरलीस?”

“विसरले नाही.”

ते गेले. मी उठून दार लावलं.

महिनाअखेरीस मला घरी बसवलं. कोमलच्या आईनं विचारलं, “बाई, आता हिचं बंद व्हईल का?” मी नाही म्हणाले, पण पुढं काय ते मलाही ठाऊक नव्हतं. आता दर रविवारी मी एसटीनं तिच्या गावी जाते. आजीच्या घरात एकच खोली. दार लागतं, तेवढं पुरतं. ‘प’ झाला. ‘ट’ अजून नाकात जातो.

माझा फोटो असलेला फ्लेक्स केंद्राच्या दारात अजून आहे. काढा म्हणून लेखी कळवलंय. उत्तर नाही. पुन्हा कळवीन. तरीही नाही काढला तर दिवसाढवळ्या जाऊन माझ्या हातानं उतरवीन. ताईंचे उपकार मरेपर्यंत मानीन. त्यांच्या बदल्यात तोंड उघडून दाखवणार नाही. माझं नाही, कोमलचं नाही.

आणि यापुढं आईला कुणी विचारलं, ग्रहणात काय कापलं, तर उत्तर मी देईन. ऊस कापला. त्याचीच साखर तुमच्या चहात आहे.