बोहनीच्या वेळचे फोन

मोबाईलवर ‘मावशी’ असं नाव उमटलं तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं. वर्ध्यात आमचं नळ-पाइपचं दुकान आहे आणि त्या वेळी शेवंतामावशीचा फोन हमखास यायचा, म्हणून एका हाताने शटर धरून दुसऱ्या हाताने मी तो घेतला. पलीकडे मावसाजी होते. म्हणाले, “मंदा, मावशी गेली.” मी विचारलं, “एवढ्या सकाळी कुठं गेली? गुडघे दुखतात ना तिचे?” मागे कोणा बाईच्या रडण्याचा आवाज आला, आणि मग मला कळलं… पहाटे झोपेतच गेली होती. ‘गेली’ म्हटल्यावर ‘कुठे’ असं विचारणारी मी पहिली. माझ्यानंतर हा प्रश्न बऱ्याच अनोळखी लोकांनी विचारला. हे लिहिण्याचं कारण तेच आहे.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. माहेर आर्वीकडचं, सासर सिंदी मेघेचं. सासरी भाजीची वाडी होती. मावसाजी पिकवायचे आणि मावशी वर्ध्याच्या बाजारात विकायची, उमेदीची सगळी वर्षं, ऊन-पाऊस न बघता. शाळेला सुट्टी लागली की मी तिच्याकडे असायचे आणि पोतं अंथरून तिच्या शेजारी बसायचे. मावशीचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. दिवसाच्या पहिल्या विक्रीला, म्हणजे बोहनीला, तिच्या लेखी फार महत्त्व. पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे ती तराजूला लावायची, कपाळाला लावायची, मगच कनवटीला. बोहनीच्या वेळी आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी भाव थोडा पाडावा लागला तरी चालेल. आणि आपण दुसऱ्याच्या दुकानी सकाळी गेलो तर काहीतरी घेऊनच यायचं. त्याची बोहनी बिघडवायची नाही. हा नियम तिने जन्मभर पाळला, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

लग्नानंतर आम्ही दुकान टाकलं तेव्हा ती पहिल्याच दिवशी येऊन बसली. काउंटरवर मी सामानाच्या याद्या करत होते. बराच वेळ माझ्याकडे पाहून म्हणाली, “मंदे, तोंड पाह्यलं का तुयं? अशा तोंडानं तं नळाची तोटी बी नाई विकत.” मी यादीतून मान वर केली नाही तेव्हा तिने माझा पेनच काढून घेतला. जाताना एक तोटी विकत घेऊन गेली. तिच्या घरी तेव्हा नळ नव्हता.

गुडघे गेल्यावर बाजार सुटला. तिच्या मुलाने, पुण्याहून आला तेव्हा, आपला जुना मोबाईल तिला दिला. बाजारातला तराजू तिने घरी आणून खिडकीच्या वरच्या आकड्याला टांगला होता. त्याच्या एका पारड्यात फोन राहायचा आणि दुसऱ्यात चष्मा नि सुपारीची डबी. दांडी सरळ राहिली पाहिजे म्हणून. फोन वाजला की पारडं थरथरून झांजेसारखं वाजे, अंगणात ऐकू जाई. रोज सकाळी ती मला फोन करायची आणि एकच प्रश्न विचारायची, “बोहनी झाली का?” हो म्हटलं की समाधान. नाही म्हटलं की, “मंग माह्यासंगं काय बोलतं? गिऱ्हाईक पाह्य.” फोन बंद करणं तिला कधी जमलं नाही. ती तो तसाच पारड्यात ठेवायची. टण् असा आवाज यायचा आणि मग लाइन मी कापायची.

हळूहळू विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. गुडघ्याचं तेल, सोन्याची योजना, पाण्याचं फिल्टर, कर्ज. नंबर कुठून गेला कोण जाणे; मावशी तो कोणालाही देत असे. एकदा माझ्यासमोरच एक फोन आला. कोणी मुलगा कर्जाबद्दल हिंदीत भराभरा बोलत होता. मावशीने त्याला मध्येच अडवलं.

“ठैरो, ठैरो. पयले सांग, बोहनी झाली का?”

“जी?”

“बोहनी रे! पैला गिऱ्हाईक मिला क्या?”

“नहीं अम्मा, अभी तो…”

“तो जरा दम लगाके बोल ना, बापू. ऐसे तो मुफ्त का सांभार बी नहीं जाता. और भाव आखिर में बताने का.”

आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात आणि ती भाजीवर फुकट मिळते, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? पण त्याने दुसऱ्यांदा सावकाश सांगितलं. मावशीने पूर्ण ऐकून घेतलं, “आता बराबर. पन मले कर्ज नको,” म्हणून फोन पारड्यात ठेवून दिला. कर्ज निदान घेतलं नाही. तेल घेतलं, कारण तेल विकणाऱ्या बाईची बोहनी राहिली होती. घरसजावटीचं एक इंग्रजी मासिकही सुरू झालं, ‘मिस शेवंता’ या नावाने. मावशीला मराठी वाचायलाही जड जायचं. त्या मासिकाच्या गुळगुळीत कागदावर ती वड्या घालायची, आणि चिकटत नाहीत म्हणून खूष होती.

मी चिडायचे. माझा स्वभाव कामं उरकण्याचा. विकणाऱ्याचा फोन आला की पहिल्या शब्दालाच मी तो कापते. तिलाही सांगितलं, “मावशी, तू फोन कापत काऊन नाई? हे काही आपले नातेवाईक नाईत.” ती शांतपणे सुपारी कातरत म्हणाली, “मंदे, बजारात माह्यासमोरून रोज किती लोकं जात. मी वरडू, अन् ते भितीकडं पाह्यल्यासारखे पाहत निंघून जात. घ्याच म्हनत होती का मी? नाई म्हना… पन बोला तं.” तरी पुढच्या खेपेला मी तिच्या फोनमधले चार-पाच नंबर ब्लॉक केलेच. त्याचा उपयोग झाला नाही, कारण ते लोक दर वेळी नव्या नंबरवरून करतात.

ती गेल्यावर फोन मावसाजींकडे आला. घरात तो एकच, आणि सिम मावशीच्या नावावर. तेरवीच्या पंगतीत पारडं वाजलं. मावसाजींनी फोन उचलला, तर “बधाई हो शेवंता मॅडम!” तिचा नंबर कसल्याशा बक्षिसासाठी निवडला गेला होता. मावसाजी म्हणाले, “वो तो गई.” पलीकडून विचारलं, “कब तक आएंगी, सर?” आणि मावसाजी म्हणाले, “शाम को.”

मी हातातला वाढप्याचा डाव खाली ठेवला. “मावसाजी, शाम को काऊन म्हणालात?”

“तोंडात तेच आलं,” ते म्हणाले. “इतके वर्ष तेच सांगत आलो ना, बाई…”

खरंच होतं. ती बाजारात गेली की घरी येणाऱ्याला ते हेच सांगायचे. आता मात्र संध्याकाळचेही फोन सुरू झाले, कारण संध्याकाळी येईल असं घरच्याच माणसाने सांगितलं होतं. तिच्या वाढदिवसाला सराफाकडून शुभेच्छा आल्या. मासिकाने लिहिलं, आम्हाला तुमची आठवण येते. दर वेळी कोणीतरी तिचं नाव घेणार, आणि दर वेळी ती नाही हे मावसाजींनी सांगायचं. ते त्यांना झेपेना. त्यांनी फोन उचलणंच सोडलं, आणि मला ते सांगितलं नाही.

एका सकाळी मी दुकानातून फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. नोकराला काउंटरवर बसवून मी स्कूटर काढली आणि सिंदी मेघेला गेले. मावसाजी खिडकीखाली भिंतीला टेकून बसले होते. चक्कर येऊन पडले होते, कपाळ फुटलं होतं, धोतरावर रक्त. डोक्याच्या वर, हात पुरेल एवढ्या अंतरावर, पारड्यात फोन.

“वाजून राह्यला होता तो,” ते म्हणाले. “मले वाटलं, तुह्या मावशीले विचारून राह्यले असंन.”

“मी होते, मावसाजी.”

“तू होय का…”

दवाखान्यात चार टाके पडले. रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या. पण मला भीती बसली ती पुढच्या वेळेची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने फोन वाजताना ऐकावा आणि तो परक्याचा समजून पडून राहावं, हे चालणार नव्हतं. त्यांचा मुलगा म्हणाला, नंबरच बंद करून टाकू, नवा घेऊ. मावसाजी ऐकेनात. “मंग आर्वीचे लोकं मले कुठं फोन करतीन? ह्योच नंबर हाय सगळ्यायजोळ.” त्यांचं बरोबर होतं. विकणाऱ्यांसाठी आपल्या माणसांनी नंबर का बदलायचा?

मग मी बसून कामं काढली. ज्यांच्या घरी हेच चाललं असेल त्यांच्यासाठी सांगते. मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती एकदमच काढून घ्याव्यात. सिम वारसाच्या नावावर करून घ्यावं, आणि त्यानंतर जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद मोबाईल कंपनीकडे करावी. ही नोंद लागू व्हायला काही दिवस जातात. त्यानंतरही जे येतात त्यांची तक्रार त्याच कंपनीकडे करता येते. पण ज्यांच्याकडून माणसाने पूर्वी काही घेतलेलं असतं ते लोक त्यातून निसटतात. आमचं गिऱ्हाईक आहे, म्हणतात. त्यांना एकेकाला दाखल्यासह कळवावं लागतं. सराफाकडे मी स्वतः जाऊन आले. मासिकाला दोनदा लिहिलं, तेव्हा बंद झालं. आपल्या माणसांचे नंबर नावासकट फोनमध्ये भरले, आणि तेवढेच मोठ्याने वाजतील अशी सेटिंग केली. तेलवाल्यांनी मात्र कशालाच दाद दिली नाही.

सेटिंग करत होते त्याच रविवारी सकाळी तेलवाल्यांचा फोन आला. मी स्पीकर लावला. बाईचा आवाज होता, “शेवंता अम्मा हैं?” मी तोंड उघडलं तेवढ्यात मावसाजींनी हात पुढे केला. फोन त्यांच्याकडे दिला.

“वो तो…” म्हणून ते थांबले. मला वाटलं, आता पुन्हा शाम को. पण ते म्हणाले, “वो गुजर गई, बाई.”

मराठीत त्यांनी हे कधीच म्हटलं नव्हतं. माझ्याशी बोलतानाही नाही. ‘गेली’च्या पुढे ते जात नसत. हिंदीत म्हणता आलं, परक्या बाईला म्हणता आलं.

मग ती म्हणाली, “माफ करना, बाबा. आज भी उनका नाम आया है. मैं काट देती हूँ.”

“हां. काट दो.” मावसाजी फोन ठेवतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, “बोहनी हुई क्या?”

“नहीं, बाबा.”

“हो जाएगी. दूसरा नंबर लगाओ.”

तेल घेतलं नाही, हे मुद्दाम सांगते. पण माझ्या हातून तो फोन पहिल्या शब्दालाच कापला गेला असता, आणि त्या बाईच्या यादीत मावशी अजून जिवंत असती.

आता सिंदी मेघेला फोन कमी वाजतो. वाजला तर आपल्याच कोणाचा असतो, हे मावसाजींना माहीत आहे. एका पारड्यात तो, दुसऱ्यात मावशीचा चष्मा आणि त्यांच्या गोळ्या. रोज सकाळी दुकान उघडलं की आता मी फोन करते. दुसऱ्या रिंगला उचलतात. तब्येत विचारायच्या आत त्यांचा प्रश्न येतो,

“बोहनी झाली का?”

“नाई अजून.”

“मंग माह्यासंगं काय बोलतं? गिऱ्हाईक पाह्य.”

फोन बंद करणं त्यांनाही जमत नाही. टण् आवाज येतो. मी थोडा वेळ ऐकते, आणि मग लाइन कापते.