सुलभा मॅडम आणि मांडीतली गाठ

सोनोग्राफी करताना सुलभा मॅडम दुखणं नंतर विचारायच्या. पहिला प्रश्न ठरलेला, "घरी जनावरं कोनती हायेत?" अमरावतीच्या त्या दवाखान्यात मी नवी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा मला हसू आवरेना. मॅडमच्या ते लक्षात आलं. "हास बाई, हास! पन मशीन नुसती गाठ दाखवते. थे आली कुठून, हे मानसालेच इचारा लागते."

मॅडम मूळच्या अकोल्याच्या. वैद्यकीय परिषदेतही त्या अशाच वऱ्हाडीत बोलायच्या. पुण्याकडचे डॉक्टर दचकायचे, मॅडम खुशाल पुढे बोलत राहायच्या.

एकदा भातकुलीकडच्या कमलाबाई आल्या. मांडीत नारळाएवढी गाठ. दुसरीकडे कुणीतरी कॅन्सरचा संशय घेऊन पाय कापावा लागेल असं सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिथे गाठीत सुई टोचून तपासणी ठरली होती, त्याआधी सोनोग्राफी हवी होती. धास्तीनं बाईंच्या पोटात चार दिवस धड अन्न नव्हतं.

"मेंढ्या हायेत. राखनीले दोन कुत्रे," त्या म्हणाल्या.

मॅडम पडद्याकडे बघता बघता थबकल्या. पाण्यानं भरलेल्या गाठीत लहान लहान गोल पिशव्या दिसत होत्या, द्राक्षांच्या घडासारख्या. "पोरी, पाह्य! कॅन्सर नोहे हा. किड्याचं घर हाये."

कुत्र्याच्या आतड्यातल्या कृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली की अशा गाठी होतात, पण बहुधा यकृतात नाहीतर फुप्फुसात. स्नायूतली मी पहिल्यांदाच पाहत होते. सुई टोचल्यावर आतलं पाणी अंगात सांडलं असतं तर त्याच्या तीव्र ॲलर्जीनं जिवावर बेतलं असतं. मॅडमनी तिथूनच त्या डॉक्टरांना फोन लावला, "उद्याची सुई थांबवा. रिपोर्ट पाठवून राह्यली."

कमलाबाईंनी भीत भीत विचारलं, "मंग पाय माहाच राह्यते?"

"तुहाच हाये. आमी घेऊन काय करू?"

कमलाबाई हसल्या, रडल्या आणि तिथेच बाकावर बसून सोबत आणलेली भाकर त्यांनी संपवली.

रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. आधी गोळ्या दिल्या, मग सर्जननी गाठ न फोडता अख्खी काढली. त्या दिवशी मॅडम भेटेल त्याला गाठीचा फोटो दाखवत होत्या.

तीन महिन्यांनी कमलाबाई बसस्टँडवरून ऑटो न करता चालत आल्या. मॅडम खोलीबाहेर धावल्या. "चाल, मले चालून दाखव!" व्हरांड्यात दोघी बरोबरीनं चालू लागल्या. दुसऱ्या फेरीला मॅडमचे गुडघे कुरकुरले आणि त्या मागे पडल्या.

कमलाबाई वळल्या. "हात धरा माहा, मॅडम. घाई नाही आपल्याले."